हाताची पाठ

वायरमनच्या वर्गात सगळे हसले तेव्हा श्रुतिकाही हसली, आणि ते हसू तोंडावरून पुरतं उतरायच्या आत तिला घरच्या मोरीतला बल्ब आठवला. मार्तंड सर फळ्यापाशी उभे राहून विचारत होते, "बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मंद मिणमिणत राहतो. काय समजायचं?" कुणी म्हणालं बल्ब फालतू कंपनीचा, धवल मागून म्हणाला, "सर, घरात भूत आहे." सर म्हणाले, "घरात काजवेवाला येऊन गेलाय असं समजायचं." बंद दिव्यात काजवे सोडून जाणाऱ्या मिस्त्र्यांना सर काजवेवाले म्हणत. मग त्यांनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या. एका तारेतून करंट येतो, ती फेज. दुसरीतून परत जातो, ती न्यूट्रल. बटण येणाऱ्या तारेवर बसवायचं, म्हणजे करंट बटणापाशीच अडतो. जाणाऱ्या तारेवर बसवलं तरी दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक दिसतं. पण करंट दिव्यापर्यंत येऊन उभा असतो. "तुम्ही म्हणता दिवा बंद आहे. तो म्हणतो, ये, हात लाव." जुना पिवळा बल्ब अशा चोरट्या करंटला दाद देत नसे, एलईडी देतो आणि चुगली करतो. सर बोलत होते आणि श्रुतिका वहीत दोन रेघा ओढत होती. मोरीला खिडकी नव्हती. भर दुपारी दार लावलं की तो बल्ब दिसायचा, बंद असून जागा असलेला. गेले कित्येक महिने ती त्याच्या उजेडात तोंड धूत होती आणि तिला तो आवडायचासुद्धा.

घरचं वायरिंग बाबांचं होतं. नुसतं घरचंच नाही. कांजूरमार्ग पूर्वेच्या त्या तीन मजली इमारतीत त्यांच्या मजल्यावरची एकूण एक खोली जयवंत मिस्त्रींनी वायर ओढून उजळलेली होती. मुलुंडच्या सेंटरमधून बसने घरी येताना ती खिडकीशी बसून हाच विचार करत राहिली, म्हणजे विचार असा नाहीच, एक जुनं दृश्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. ती लहान आहे, शाळेतून आली आहे, बाबा शेजारच्या नीलाकाकूंच्या खोलीत स्टुलावर उभे आहेत, तोंडात खिळे, कानामागे पेन्सिल, आणि भिंतीवर वायरी बसवायची लाकडी पट्टी इतकी सरळ चाललेली की खालून बघणाऱ्या काकू म्हणतात, "जयवंतराव, भिंत वाकडी आहे हो, पट्टी नाही." बाबा खिळे तोंडात ठेवूनच हसतात. बाबांचे वडील गिरणीत साच्यावर कापड विणत. बाबा त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून इलेक्ट्रिक खात्यात लागले, तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जेमतेम हात बसतोय तोवर संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. पुढचं सगळं त्यांनी बघून, चुकून, विचारून उचललं. परवाना नाही, सर्टिफिकेट नाही. मोठी कामं दुसऱ्याच्या सहीवर करायची. श्रुतिकाने घाटकोपरच्या मॉलमधली बिलिंगची नोकरी सोडून वायरमनचा कोर्स करायचं ठरवलं तेव्हा ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चहाच्या कपाशेजारी त्यांचा टेस्टर ठेवलेला होता, मुठीचं प्लास्टिक झिजून पिवळं पडलेला. त्या वेळी तिला वाटलं होतं की आपल्याला आयुष्यात याहून मोठं काही मिळणार नाही. आता तोच टेस्टर बॅगेत होता आणि बॅग मांडीवर जड वाटत होती. काजवेवाला. सर बोलले तेव्हा आपण सगळ्यांच्या आधी हसलो की नंतर, हे ती आठवायचा प्रयत्न करत होती, जणू त्यावर काही अवलंबून होतं.

घरी बाबा झोपले होते आणि आई, वनमाला, खालच्या बायकांबरोबर सुकट आणायला गेली होती. श्रुतिकाने चप्पलही नीट काढली नाही. मोरीत स्टूल ठेवलं, बटण बंद आहे ना ते दोनदा पाहिलं, बल्ब काढला आणि होल्डरमध्ये टेस्टरचं टोक लावून मागच्या टोपीवर अंगठा ठेवला. टेस्टर पेटला. टेस्टरची गंमत सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. टोपीवर अंगठा ठेवला नाही तर तो काही सांगत नाही. करंटचा एक कणभर भाग तुमच्या अंगातून जमिनीत जातो, तेव्हा कुठे तो बारीक लाल दिवा पेटतो. खरं काय ते कळायचं तर ते थोडं अंगातून जाऊ द्यावं लागतं, असं काही सर म्हणाले नव्हते, पण तिने तेव्हा मनात म्हटलं होतं आणि स्वतःवर खूश झाली होती. आता त्या लाल ठिपक्याकडे बघताना तिला नुसतं रडू येत होतं. बाहेरच्या खोलीत बाबांनी कूस बदलली. तिने बल्ब परत बसवला, तो तिच्याकडे बघून मंद मिणमिणला, आणि ती खाली उतरली.

आई आली, पिशवी टेकवली आणि नेहमीसारखी मनगट चोळत बसली. "हाताक मुंग्यो येतत गो," ती म्हणाली. "मानेचो मणको असतलो." हे ती गेले काही महिने म्हणत होती आणि श्रुतिका तिच्या मानेला तेल लावून देत होती. आज तिने विचारलं, "कधी येतात?" आईने जरा आठवून सांगितलं की असं काही ठरलेलं नाही, पण परवा ओट्यावरची ट्यूबलाइट पुसली तेव्हा आल्या होत्या, मागे गणपतीच्या आधी पुसली तेव्हाही. हात वर केला की येतात, म्हणजे मानच. श्रुतिकाने ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरच्या ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी फोडणीने चिकट होते आणि आई ती ओल्या फडक्याने पुसते, बटण न चुकता बंद करून, कारण तिच्या नवऱ्याने तिला लग्नानंतर पहिली शिकवलेली गोष्ट तीच होती. आई आत गेल्यावर श्रुतिकाने बटण बंद केलं आणि त्या पत्र्याला बोटं लावली. बोटांची टोकं नाही, पाठ. हे तिला कुणी सेंटरमध्ये शिकवायच्या आधीपासून ठाऊक होतं. अनोळखी पत्र्याला कधी तळव्याने हात लावायचा नाही. करंट असला तर बोटं मिटतात आणि मूठ त्याच वस्तूला धरून बसते. हाताची पाठ लावली तर हात मिटतो तो मागे येतो. बाबा सगळ्या जगाला आधी हाताची पाठ लावत. लोकांच्या फ्रिजला, नळाला, लोखंडी दाराला, बसच्या दांड्यालासुद्धा. लहानपणी तिला ताप आला की तेही कपाळाला बोटांची पाठच लावायचे, क्षणभर, आणि हात मागे. आईचा हात मात्र कपाळावर पडला की पडून राहायचा. तिला तेव्हा वाटायचं की बाबांना आपल्याला हात लावायला आवडत नाही. हे दुःख तिने बरीच वर्षं कुणाला न सांगता बाळगलं होतं, आणि मार्तंड सरांनी वर्गात हाताची पाठ पुढे करून दाखवली तेव्हा ते एका मिनिटात विरघळलं होतं. तिला तेव्हा धावत घरी जावंसं वाटलं होतं. आता पत्र्यावरून तिच्या बोटांत बारीक झिणझिण आली, मुंग्यांसारखीच, आणि हात आपोआप मागे आला.

जेवताना ती बाबांकडे बघत राहिली. ते ताटात वाकून माशाचे काटे बोटांनी चाचपून काढत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकातला पिकत आला होता आणि ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. उजवा हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कामं घेणं बंद केलं होतं. लोक अजूनही दाराशी येत, "मिस्त्री, जरा पंखा बघता?" म्हणत, आणि ते म्हणत, "चेडू शिकताहा, थोडे दिवस थांबा." लेक शिकते आहे हे सांगताना त्यांचा आवाज थोडा वर जाई. मोरीतल्या बल्बचा तो मंद उजेड त्यांच्या डोळ्यांना दिसतच नसणार, हे तिच्या ध्यानात आलं. आईला दिसत होता, पण आई म्हणाली होती, "रवांदे गो. दिवसा मोरयेत काळोख असता, तेवढोच उजेड." म्हणजे या घरात ज्याला कळलं असतं त्याला दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं तिला कळत नव्हतं. राहिली ती एकटी. बाबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही जन्मभर जे केलं ते उलटं केलं? बाबांकडे दुसरं काय होतं? पैसा नव्हता, शिक्षण नव्हतं, डोळे चालले होते, हात चालला होता. एवढंच होतं की या मजल्यावर कुणीही बटण दाबलं तर ते जयवंत मिस्त्रींचं असतं. तिला बाबांची दया आली, आणि ही दया आली याचाच तिला इतका राग आला की तिने अर्ध्या जेवणावरून हात धुतले. आईने विचारलं काय झालं, ती म्हणाली डोकं दुखतंय. बाबा उठून आले आणि तिच्या कपाळाला बोटांची पाठ लावून गेले. "ताप नाय," ते म्हणाले.

नंतरच्या दिवसांत ती काहीतरी निमित्त काढून नीलाकाकूंकडे गेली. काकूंच्या पॅसेजमधला बल्ब बंद होता आणि मिणमिणत होता. "हो गं, तो तसाच आहे," काकू म्हणाल्या, "मुकुल म्हणतो एलईडी सगळे असेच असतात." मुकुल म्हणजे काकूंचा मुलगा, अंधेरीला ऑफिसात. श्रुतिकाने भिंतीवरच्या त्या सरळ पट्टीकडे पाहिलं आणि तिला वाटलं, सरळपणाचा काय उपयोग? मग तिलाच हे वाक्य फार कडू लागलं. संध्याकाळी वारा फिरला, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आला, सगळ्यांनी खिडक्या लावल्या, आणि ती बंद खोलीत बसून पंखा बघत राहिली. पंखाही बाबांचा. तिला वाटलं, माणसाबद्दल एक गोष्ट कळते आणि मग त्याच्या घरात राहणंच अवघड होऊन बसतं, कारण जिकडे बघावं तिकडे तीच दिसते. सेंटरमध्येही तिचं लक्ष लागेना. तिथे केबल सोलायची तरी तिला बाबांचा हात दिसे, डाव्या अंगठ्यावर तार टेकवून सुरी न दाबता फिरवणारा. इतके दिवस तिला अभिमान होता की हे आपल्याला आधीच येतं, आता शंका येई की आपल्या हातात आणखी काय काय उतरलं असेल. धवल म्हणाला, "काय यार, आजकाल तोंड का पाडून असतेस? ब्रेकअप काय?" ती म्हणाली, "हो." तो बिचारा दिवसभर गप्प राहिला आणि दुपारी स्वतःच्या डब्यातला ढोकळा तिला देऊन गेला.

एका दुपारी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे भांडुपला गेले, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि श्रुतिकाने ओट्याशेजारचा बोर्ड खोलला. सगळ्या घराचं करायला वेळ नव्हता. आईचा ओला हात जिथे जातो तेवढं आधी. मेन स्विच पाडला, पुन्हा टेस्टर लावून खात्री केली, बोर्डाचे स्क्रू काढले. आत बाबांचं काम तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. वायरी माप घेऊन वळवलेल्या, एकही तार उगाच लांब नाही, लाल लालशी, काळी काळीशी, जोडांवर काळी टेप खालून वर गुंडाळलेली आणि शेवटचं टोक आत दाबलेलं. सर दाखवतात त्याहून देखणं. इतकं देखणं आणि उलटं! तिला क्षणभर वाटलं, असं असूच शकत नाही. हा जो क्षण होता तो तिने धरायला हवा होता. पण टेस्टर पेटला होता, आईच्या हाताला मुंग्या येत होत्या, वर्ग हसला होता. एवढ्या पुराव्यापुढे एका क्षणाचं काय चालणार? तिने बोर्डात येणाऱ्या लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल केली, जोडांवर सेंटरमधून आणलेली पिवळी टेप गुंडाळली, खालून वर, टोक आत दाबून. बोर्ड बंद केला, मेन चढवला, ट्यूब लावली, विझवली, पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर गप्प होता. आईच्या हाताचं संकट टळलं होतं. आता ट्यूब पुसली तरी मुंग्या येणार नाहीत. तिला बरं वाटायला हवं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण बाबांच्या पाठीमागे त्यांच्या कपाटातून काहीतरी काढून घेतलं आहे.

पुढच्या आठवड्यात दोष शोधण्याचं प्रॅक्टिकल होतं. सरांनी प्रत्येकाला लाकडी फळीवर मांडलेलं एक सर्किट दिलं, त्यात एक चूक मुद्दाम पेरलेली. श्रुतिकाच्या फळीवरचा बल्ब बटण बंद केल्यावर मिणमिणत होता. सरांनी हे मुद्दाम तिला दिलं की योगायोगाने आलं कोण जाणे, पण ते पाहून तिला हसूच आलं, थकलेलं. तिने बटण बंद केलं, होल्डरला टेस्टर लावला, बोर्ड खोलला, येणाऱ्या तारा अदलाबदल केल्या, बंद केला. सगळ्यांच्या आधी हात वर केला. सर आले, त्यांनी बटण दाबून पाहिलं, बल्ब पुरता विझला. "काय दोष होता?" "सर, बटण न्यूट्रलवर होतं. वायरमनची चूक." सरांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. "सुरुवात कुठून केलीस?" "दिव्यापासून." सर वाकले आणि फळीला जिथून करंट येत होता, टेबलाखालच्या त्या सॉकेटला, त्यांनी टेस्टर लावला. जिकडे पेटायला हवा तिकडे तो पेटला नाही, दुसऱ्या भोकात पेटला. "मी इथे उलटं केलं होतं," सर शांतपणे म्हणाले. "फळीवरचं वायरिंग बरोबर होतं. येणारा करंटच उलट्या तारेने येत होता. तू वायरमनचं बरोबर काम खोलून बिघडवलंस. दिवा मिणमिणला की आधी मेनपाशी जायचं, मीटरपाशी. मागून पुढे यायचं." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, एवढं काय त्यात? सगळेच एकदा हे करतात. म्हणून तर फळीवर करायचं." धवल पलीकडून हळूच म्हणाला, "वाट लागली." तो स्वतःच्या फळीबद्दल बोलत होता.

मीटर. गेल्या वर्षी इमारतीतले सगळे मीटर बदलले होते. जुने काढून तळमजल्यावर नव्या फळ्यांवर नवे बसवले. ठेकेदाराची पोरं होती, घाईघाईत एकेका मजल्याची रांग जोडून निघून गेलेली. बाबा तेव्हा खाली जाऊन बघणार होते, पण त्याच सुमारास हात थरथरायला लागला होता आणि ते गेले नव्हते. आईच्या मुंग्या त्यानंतरच्या. नीलाकाकूंचा बल्ब त्यानंतरचा. हे सगळं तिला ठाऊक होतं, एकेक करून सगळं ठाऊक होतं, आणि तरी तिने बाबांपासून सुरुवात केली होती. बसमध्ये तिला आधी नुसता आनंद झाला, इतका की शेजारची बाई तिच्याकडे बघायला लागली. बाबा काजवेवाले नव्हते. नीलाकाकूंच्या भिंतीवरची पट्टी सरळ होती आणि आतल्या ताराही सरळ होत्या. मग भांडुप मागे पडलं आणि तिला ओट्याशेजारचा बोर्ड आठवला. मेन सरळ झाला की सगळं घर सरळ होईल, एक तो बोर्ड सोडून. या घरात उलटं काम एकच असेल आणि ते तिचं असेल. तिने ठरवलं की आधी गुपचूप तो बोर्ड पूर्ववत करायचा आणि मगच मेनबद्दल सांगायचं. पण मग आईचा हात? मधल्या वेळात आईने ट्यूब पुसली तर? आणि बाबा आता दिवसभर घरीच असतात. ठरवलेलं मोडत आणि परत ठरवत ती जिना चढली.

बाबा दारातच पेपर डोळ्यांजवळ धरून बसले होते. "काय गो, आज लवकर?" ते म्हणाले, आणि तिने काही न ठरवता सांगून टाकलं, "बाबा, मेनला फेज उलटी येतेय. मीटर बदलले तेव्हापासून." पेपर खाली आला. ते उठले, मेन स्विचपाशी गेले, हात मागे केला आणि तिने त्यांचा टेस्टर त्या हातात ठेवला. त्यांनी तो लावला. हात थरथरत होता म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी लाल ठिपका त्यांना दिसेना. "माका दिसना नाय. तू बघ." तिने पाहिलं आणि सांगितलं. "उलटा लावल्यानी," ते म्हणाले, आणि त्यांना राग आला नाही, उलट खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामाची कळा आली. मजल्यावर सगळ्यांकडे असंच असणार, उद्याच तक्रार द्यायला हवी, तोवर कुणी ओल्या हाताने काही पुसू नका म्हणून आजच सांगायला हवं, असं बोलत त्यांनी तिला खाली मीटरपाशी फ्यूजचा कटआऊट काढून करंट तोडायला पाठवलं, आणि ती आल्यावर दोघांनी मिळून मेनमधल्या तारा बदलल्या. म्हणजे बदलल्या तिने. ते शेजारी उभे राहून "हां", "आवळ", "आणखी" एवढंच म्हणत होते. करंट परत आल्यावर ती मोरीत गेली. बल्ब विझलेला होता, अगदी काळा. आई मागून म्हणाली, "माझो उजेड गेलो." सगळे हसले, श्रुतिकाही हसली, आणि बाबा टेस्टर घेऊन बोर्डांकडे वळले. काम झालं की शेवटी एकेक बोर्ड तपासल्याशिवाय ते कधीच कुणाच्या घरून निघत नसत. ही त्यांची रीत ती विसरली होती.

बाहेरची खोली झाली. पंख्याचा बोर्ड झाला. ती प्रत्येक ठिकाणी लाल ठिपका बघून सांगत होती आणि प्रत्येक बोर्डागणिक ओटा जवळ येत होता. अजून सांगता आलं असतं. ओट्यापाशी त्यांनी ट्यूबचं बटण बंद केलं आणि पत्र्याला बोटांची पाठ लावली. हात मागे आला. त्यांनी पुन्हा लावली. मग त्यांनी मेन पाडायला सांगितला, बोर्डाचे स्क्रू काढायला सांगितले, आणि डोळा अगदी आत नेऊन बघितलं. "ही टेप माझी न्हय," ते म्हणाले. पिवळा रंग त्यांना दिसत होता. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, खालून वर, टोकापर्यंत. "चांगली गुंडाळलस," ते म्हणाले. श्रुतिकाला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुका वाटला मी चुकलंय?" त्यांनी विचारलं, बोर्डाकडेच बघत. तिने हो म्हटलं. आईच्या हाताला मुंग्या यायच्या म्हणून, असं तिला पुढे म्हणायचं होतं, ते खरंही होतं, पण तिला वाटलं ते आता म्हटलं तर ते कारण राहणार नाही, पळवाट होईल. म्हणून ती पुन्हा एवढंच म्हणाली, "हो बाबा. वाटलं." बाबा स्टुलावर बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि त्यांनी तो झाकला नाही. आईने आतून विचारलं, "काय झाला?" "काय नाय," ते म्हणाले. "चेडू शिकताहा." या वेळी आवाज वर गेला नाही.

मग ते स्टुलावरून उठून बाजूला झाले आणि बोर्डाकडे बोट दाखवलं. तिने पिवळी टेप सोडवली, लाल तार लालच्या जागी, काळी काळीच्या, जशी त्यांनी लावली होती तशी. तिला काळी टेप लागली, ती त्यांनी न मागता पुढे केली. बोर्ड बंद झाला. मेन चढवला. ट्यूब लावली, विझवली. तिने टेस्टर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. ते स्टुलावर चढू लागले, तशी तिने टेस्टर बाजूला ठेवून दोन्ही हातांनी स्टूल धरलं. आणि वर पोचल्यावर त्यांनी खाली हात केला. "वनमाला, तो फडको दी." आईने नळाखाली भिजवून, अर्धवट पिळून फडका दिला, त्याचं पाणी त्यांच्या कोपरावरून श्रुतिकाच्या हातावर गळलं. "बाबा, आधी बघू दे," ती म्हणाली. "तू केलस ना?" ते म्हणाले. आणि हाताची पाठ न लावता, सबंध तळवा उघडून, त्यांनी तो ओला फडका पत्र्यावर ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुसत नेला.